बॅटरीचं वजन

तराजूसाहेबांनी घरगाडी विकत घेतली आणि त्याच दुपारी तिला कव्हर शिवायला टाकलं. गाडीत बसून कुठे जायचं, हा प्रश्न त्यांना पडलाही नव्हता. गाडी म्हणजे वस्तू, वस्तू म्हटली की धूळ आली, आणि धुळीवर उपाय कव्हर. त्यांचा विचार इथे संपत असे.

त्यांच्या घरात उघडं असं काही नव्हतंच. मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, सोफ्याला कव्हर आणि ते कव्हर मळू नये म्हणून वर चादर. सोफ्याचा मूळ रंग कोणता यावरून नवरा-बायकोत एकदा वाद झाला होता, आणि तो सोफा न उघडताच मिटवण्यात आला. साहेब वजनमाप खात्यात निरीक्षक होते. त्यांनी आयुष्यभर दुकानदारांचे काटे तपासले, वजनांच्या बुडाला पाडलेली भोकं शोधली, आणि या जगात प्रत्येक जण मधल्या मध्ये काहीतरी खातो, एवढं एकच ज्ञान गाठीशी बांधून निवृत्त झाले. सोसायटीत तोंडावर त्यांना सगळे ‘साहेब’ म्हणत. ते जिना उतरून गेले की ‘तराजू’.

आता गाडीबद्दल. टेम्पोपेक्षा जरा ऐसपैस. आत रात्री पलंग होणारे दोन बाक, ओटा, छोटासा फ्रीज, पंखा, दिवे. टपावर उन्हातून वीज करणारी काळी पाटी. मागच्या कप्प्यात पेट्रोलवर चालणारा जनरेटर, बाकाखाली बॅटरी, आणि या दोघांच्या मध्ये भिंतीला लावलेला एक पांढरा डबा, म्हणजे चार्जर. गाडी आधी एका निवृत्त नर्सबाईंची होती. बाईंनी तिच्यातून एकटीने सगळा मुलूख पालथा घातला होता आणि गुडघ्यांनी संप पुकारल्यावर ती विकायला काढली होती. चावी देताना बाई सगळं समजावून सांगू लागल्या, तेव्हा साहेबांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. विकणाऱ्याचं ऐकून घ्यायचं नाही, हा त्यांचा खात्यातला दंडक. बाईंनी मग साहेबांच्या बायकोकडे पाहिलं, आपला फोन नंबर तिला दिला आणि म्हणाल्या, “लागेल तुम्हाला.”

गाडी घेण्यामागचं खरं कारण साडू. साहेबांच्या बायकोला समुद्र पाहायचा होता. नुसता पाहायचा नाही, किनाऱ्यावर जाग आली पाहिजे आणि समोर लाटा बघत चहा प्यायला मिळाला पाहिजे, एवढी तिची इच्छा. लग्न झाल्यापासून ही इच्छा ‘पुढच्या वर्षी बघू’ या खात्यावर पडून होती. यंदा तिच्या थोरल्या बहिणीने आणि मेहुण्याने समुद्रकाठच्या हॉटेलात खोल्या घेतल्या आणि हिलाही चल म्हटलं. आपली बायको साडूच्या हॉटेलात बसून चहा पिणार, ही कल्पना साहेबांना सहन होण्यासारखी नव्हती. त्या तिरमिरीत त्यांनी गाडी घेतली.

“छान केलंत,” बायको म्हणाली. “आता असं करा, ताई आणि भावोजी आपल्याकडे येणार आहेत. त्यांच्यासमोर ही गाडी एक दिवस चालवून दाखवा. दिवे, पंखा, फ्रीज, चहा. घरातून वायर न ओढता. जमलं तर आपण गाडीने जाऊ. नाही जमलं तर मी ताईबरोबर हॉटेलात जाणार, आणि तुम्ही बसा इथे गाडी पुसत.”

म्हणजे बायको समुद्रावर जाणार हे नक्की होतं. साहेबांसकट की साहेबांशिवाय, एवढंच ठरायचं होतं.

साहेबांनी आधी सगळ्या गोष्टींचं रक्षण केलं. टपावरची काळी पाटी दिवसभर उन्हात तापते आहे हे पाहून त्यांच्या जिवाची काहिली झाली. त्यांनी जाड कापडाचं कव्हर शिवून आणलं, शिडी लावून वर चढले आणि पाटी घट्ट बांधून टाकली.

“अहो, ती उन्हासाठीच आहे ना?” बायकोने खालून विचारलं.

“उन्हासाठी आहे म्हणून दिवसभर उन्हात टाकायची? छत्री पावसासाठी असते, म्हणून आपण ती रोज भिजवतो का?”

बायको धुणं वाळत घालायला निघून गेली. या माणसाशी वाद घालणं म्हणजे बंद दुकानाशी घासाघीस करणं, हे तिला फार पूर्वीच कळलेलं होतं. साहेबांना मात्र ती निरुत्तर झाली असं वाटलं, आणि ते शिडीवरून खाली आले ते जवळजवळ शास्त्रज्ञ होऊनच.

आता बॅटरीचा नंबर. बॅटरीत वीज आहे की नाही हे कसं ओळखायचं? साधा माणूस दिवा लावून पाहील. पण दिवा लावला की वीज खर्च होणार! साहेबांनी खात्याच्या लिलावात घेतलेला मोठा काटा माळ्यावरून काढला आणि बॅटरी सोडवून त्यावर ठेवली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पोत्यात धान्य भरलं की पोतं जड होतं. बॅटरीत वीज भरली की बॅटरी जड व्हायला हवी. होत नसेल, तर कुठेतरी पाणी मुरतंय.

काटा धरायला वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य होते. दंतवैद्यांना आयुष्यभर तोंड वासून पडलेल्या माणसांशी बोलायची सवय, त्यामुळे समोरचा उलट उत्तर देऊ शकतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. “बॅटरी म्हणजे दाढच,” ते म्हणाले. “ठणकत नाही तोवर हात लावायचा नाही. आणि ठणकली की काढून टाकायची.” साहेबांनी हे मनापासून ऐकून घेतलं. त्यांना पटलं म्हणून नव्हे, दंतवैद्य काटा दोन्ही हातांनी धरून होते म्हणून.

साहेबांनी बॅटरी तोलली, पेट्रोलचा कॅन तोलला, बॅटरी परत जागेवर बसवली आणि जनरेटर सुरू केला. फार मोठा आवाज झाला. कुत्री भुंकली, तळमजल्यावरचं तान्हं मूल रडू लागलं, आणि साहेब त्या गोंगाटात हात मागे बांधून, कारखाना पाहायला आलेल्या पाहुण्यासारखे फेऱ्या मारत राहिले. बऱ्याच वेळाने जनरेटर बंद करून त्यांनी पुन्हा मोजमाप केलं. पेट्रोल चांगलंच कमी झालं होतं. बॅटरीचं वजन तसूभरही वाढलं नव्हतं.

साहेबांचा चेहरा उजळला. घोटाळा सापडला की त्यांचा चेहरा असाच उजळत असे. “पाहिलंत? माल इकडून निघाला, तिकडे पोचलाच नाही. मग गेला कुठे?” त्यांची नजर जनरेटरवरून बॅटरीकडे गेली आणि वाटेत त्या पांढऱ्या डब्यावर थांबली. “हा कोण मध्ये?”

“दलाल असणार,” दंतवैद्य म्हणाले.

झालं. साहेबांनी स्क्रू फिरवून पांढरा डबा भिंतीवरून उतरवला, पुसला, त्याला कव्हर घातलं आणि घरी नेऊन कपाटात ठेवला. म्हणजे आता उन्हाची वीज कव्हराखाली, जनरेटरची वीज वाऱ्यावर, आणि बॅटरी एकटी उपाशी. इतकी काटेकोर व्यवस्था शत्रूलाही जमली नसती.

तेवढ्यात आवाजामुळे सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले. या गृहस्थांना जगातल्या कुठल्याही गोष्टीत रस नव्हता, पण ती परवानगीशिवाय चालली आहे म्हटलं की अंगात वारं संचारत असे. त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं. “साहेब, ही गाडी असेल तर हिच्यात ओटा कसा? आणि घर असेल तर कंपाउंडात उभं कसं? आधी ठरवून घ्या. मग जनरेटरचं बघू.”

ते ठरवायला साहेब सरकारी कचेरीत गेले. घरपट्टीच्या खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं, “चाकं आहेत? मग शेजारच्या खिडकीवर.” शेजारच्या खिडकीवरच्याने विचारलं, “ओटा आहे? मग शेजारच्या खिडकीवर.” हे दोघे पाठीला पाठ लावून एकाच पंख्याखाली बसले होते आणि त्यांनी मान वळवली असती तरी काम झालं असतं. पण मान वळवायचा अधिकार वरच्या साहेबांकडे, आणि वरचे साहेब रजेवर. एकेकाळी आपणही असेच कुणाकुणाला खिडक्या दाखवल्या आहेत हे साहेबांना आठवलं नाही. आठवलं असतं, तरी ती शिस्त होती आणि हा अपमान होता, असा फरक त्यांनी केला असता.

शेवटी कमिटीने आपल्याच डोक्याने ठराव केला: जनरेटर लावायला हरकत नाही, मात्र तो ऐकू येता कामा नये. हा ठराव करताना सेक्रेटरींना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतःच अनुमोदनही दिलं. साहेबांनीही हार मानली नाही. त्यांनी बायकोची हिवाळ्यातली दुलई काढली, जनरेटरला चारी बाजूंनी गुंडाळली, वरून दोरी आवळली आणि दोन पावलं मागे सरून समाधानाने पाहिलं. कव्हराच्या कव्हर, परवानगीच्या परवानगी.

परीक्षेच्या दिवशी सकाळीच साडू आला. हा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. त्यामुळे जगातली कुठलीही तार आपल्याच अखत्यारीत येते, असा त्याचा समज. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, तोंडाने ‘च्च’ असा आवाज केला आणि म्हणाला, “बघू या, साडूभाऊ.” या ‘बघू या’मध्ये साहेबांना त्या हॉटेलच्या सगळ्या खोल्या दिसल्या. त्याच्यामागून मेव्हणी आली. ती मोटार ड्रायव्हिंगचे क्लास चालवायची. तिने गाडीकडे एकदाच पाहिलं आणि टायर दाबून बघितले.

साहेबांनी दिवे लावले. इतके दिवस भर न पडलेल्या बॅटरीत कुठेतरी तळाशी उरलेल्या विजेवर ते पिवळट पेटले. “आं?” साहेब साडूकडे बघत ऐटीत म्हणाले. पंखा लावला, तो आळोखेपिळोखे देत फिरू लागला. फ्रीज गुरगुरला. मग बायकोने चहाची विजेची किटली लावली आणि सगळं एकदम गेलं. दिवे विझलेले, पंखा थांबलेला, आणि किटलीत थंड पाणी.

“हरकत नाही,” साहेब म्हणाले. “जनरेटर आहे.”

जनरेटर दुलईखाली दोनदा खोकला, घुसमटला, दुलईच्या कडेने काळा धूर सोडला आणि बंद पडला. करपलेल्या कापसाचा वास आला. बायकोने दुलईकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. ते पाहणं साहेबांना लागलं. आजवर ती रागावली होती, कंटाळली होती, पण आज तिच्या डोळ्यांत नुसतं ‘ठरलं’ एवढंच होतं. आपल्याला खरंच मागे ठेवून ही जाईल, हे साहेबांना तेव्हा प्रथम कळलं.

“मला माहीत होतं,” साडू म्हणाला. “वीज टायरमधून जमिनीत झिरपते. चाकांखाली फळ्या पाहिजेत.”

“टायर रबराचे आहेत!”

“रबर जुनं झालं की गळतं, साडूभाऊ. आमच्या खात्यात हे शिपायालाही ठाऊक होतं.”

“दलाल आहे मध्ये दलाल! मी त्याला काढलाय, पण तो जाताना काहीतरी करून गेलाय.”

असं भांडत भांडत दोघेही फळ्या शोधायला गेले. साहेबांना फळ्यांवर विश्वास नव्हता. पण साडू एकटा जाऊन फळ्या घेऊन आला आणि दिवे लागले तर काय, या भीतीने ते बरोबर गेले.

दोघे फाटकाबाहेर पडताच बायकोने पदर खोचला आणि नर्सबाईंना फोन लावला.

“लागला ना?” बाई म्हणाल्या. “बोला. टपावर ऊन येतं का?”

“येतं. पण पाटीवर कव्हर आहे.”

“कुणी घातलं?”

“ह्यांनी.”

“बरं. काढा. जनरेटर?”

“त्याला दुलई गुंडाळलीय.”

“का? थंडी वाजत होती त्याला? अहो, त्याला हवा लागते! नाक दाबून कुणी काम करेल का? आणि पांढरा डबा?”

“तो कपाटात आहे. त्यालाही कव्हर आहे.”

मग बाईंनी जे बोलायला सुरुवात केली त्यातलं बरंचसं इथे सांगण्यासारखं नाही. रोग्याच्या नातेवाइकांशी आयुष्यभर झगडलेली बाई होती, तिच्याकडे शब्दांना तोटा नव्हता. दम लागल्यावर त्या सरळ बोलू लागल्या. “नीट ऐका. बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी. ती स्वतः पाणी करत नाही, नुसतं साठवते. तिला तीन नळ आहेत: ऊन, जनरेटर आणि चालती गाडी. जनरेटरच्या नळाला तो पांढरा डबा म्हणजे तोटी, त्याच्यातून मापाने पडतं. जेवढं काढाल तेवढं परत भरा, टाकी तळाला जाऊ देऊ नका. आणि किटली, फ्रीज, पंखा एकदम लावायचं नाही. रिकामी बॅटरी तशीच ठेवली की मरते. तुमची अजून धुगधुगत असेल. पळा.”

“एवढंच?” बायकोने विचारलं.

“एवढंच. मी त्यांना चावीबरोबरच सांगत होते.”

बायकोने कपाटातून डबा आणला. नर्सबाईंनी फोनवरून एकेक वायर सांगितली, आणि स्क्रू बायकोने फिरवले. मेव्हणीने टपावर चढून पाटीचं कव्हर फेडलं. दुलई कचऱ्यात गेली. मग मेव्हणी स्टिअरिंगवर बसली आणि सेक्रेटरी खिडकीत यायच्या आत गाडी गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर नेऊन उभी केली. तिथे जनरेटरला मनसोक्त ओरडायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

फळ्या घेऊन दोघे साडू परतले तेव्हा कंपाउंडात गाडी नव्हती. दोघे फळ्या धरून त्या मोकळ्या चौकोनाकडे पाहत उभे राहिले. “एवढी गळती?” साडू म्हणाला.

दिवेलागणीला गाडी परत आली. आत सगळे दिवे लखलखत होते, पंखा फिरत होता. बायको खिडकीशी बसून कपातून चहा पीत होती, आणि तिचा चेहरा साहेबांनी लग्नाच्या फोटोनंतर पहिल्यांदाच असा पाहिला. त्यांना एकदम फार बरं वाटलं, आणि त्याच वेळी फार वाईटही, कारण त्यात आपला हात कुठेच नव्हता.

“मी म्हटलंच होतं, गाडी चांगली आहे,” ते म्हणाले.

“चांगलीच आहे,” बायको म्हणाली. “आम्ही दोघी समुद्रावर जातोय. ताई हॉटेलात नाही राहणार, गाडीतच राहणार आहे. तुम्ही दोघंही चला. पण एक अट आहे. वाटेत विजेबद्दल अवाक्षर काढायचं नाही. कुणालाही काही समजावून सांगायचं नाही. ज्याने सांगितलं तो तिथेच उतरला.”

“म्हणजे अगदी कुणी विचारलं तरी?”

“विचारलं तरी.”

तत्त्वं, अब्रू, खात्यातली नोकरी, सगळं एका बाजूला आणि बायकोशेजारची जागा दुसऱ्या बाजूला. त्यांना जायचं होतं. मनापासून जायचं होतं. ‘बरं’ म्हणताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की ते साडूलाच ऐकू गेलं. साडूनेही मान हलवली.

निघायच्या सकाळी सोसायटी गॅलऱ्यांत उभी होती. मेव्हणी स्टिअरिंगवर, बायको तिच्या शेजारी, मागच्या बाकावर दोघे साडू तोंडं मिटून, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे. दंतवैद्यांनी वरून विचारलं, “साहेब, दलालाचं काय झालं?” साहेबांनी ओठ दाबले आणि नुसता हात हलवला. बायकोने आरशातून पाहिलं आणि चक्क हसली. साहेब फुलून गेले. जमतंय, त्यांना वाटलं. समुद्र काही लांब नाही.

गाडी फाटकाशी थांबली. नव्याने लागलेल्या वॉचमनने फाटक उघडलं. तो गाडीकडे कौतुकाने पाहत खिडकीजवळ आला आणि साहेबांना म्हणाला, “साहेब, भारी गाडी आहे. एक विचारू का? याच्यात वीज कशी येते?”

साहेबांनी बाकाची कड घट्ट धरली. इतक्या दिवसांत हे त्यांना कुणीही विचारलं नव्हतं. सगळ्यांनी सांगितलं होतं, सुनावलं होतं, विचारलं मात्र कुणीच नव्हतं. आणि आता हा माणूस मान वाकवून, खऱ्याखुऱ्या जिज्ञासेने, त्यांना ‘साहेब’ म्हणून विचारत होता.

“अहो,” पुढून बायको म्हणाली. आवाजात राग नव्हता, काळजी होती. “राहू द्या ना.”

“एकच मिनिट,” साहेब म्हणाले आणि खाली उतरले. “हे बघ, त्याचं असं आहे. जनरेटर माल पाठवतो. बॅटरी म्हणजे गोदाम. आणि मध्ये बसलेला असतो एक दलाल...”

गाडीच्या आत साडू तळमळत होता. तो दातांनी मिशी चावत होता, बोटं मोडत होता. ‘दलाल’ ऐकून त्याचा बांध फुटला. “काहीतरीच काय सांगताय त्या बिचाऱ्याला!” म्हणत तोही उतरला. “ऐक रे, दलालबिलाल काही नाही. मुख्य गोष्ट म्हणजे टायर...”

गाडीचं दार आतून ओढून घेतलं गेलं. इंजिनाचा आवाज झाला. मेव्हणीने क्लासमध्ये शिकवतात तसा अगदी अलगद क्लच सोडला आणि गाडी वळणापलीकडे गेली. साहेबांना ते कळलं नाही असं नाही. त्यांनी पाय पळायला उचललाही. पण वाक्य अर्धं झालं होतं, आणि साडू त्यात चूक काढत होता.

“रबर गळत नाही!” साहेब ओरडले.

“गळतं!”

“साहेब,” वॉचमन फाटक लावत म्हणाला, “तुमची गाडी गेली.”

“जाऊ दे,” साहेब म्हणाले. त्यांनी एकदा वळणाकडे पाहिलं आणि वॉचमनच्या खांद्यावर हात ठेवला. “तू आधी मला सांग, तुझ्या पोत्यात धान्य भरलं की पोतं जड होतं की नाही?”